मोहर शाबूत, पत्र वाचलेलं : 'ऑपरेशन मिन्समीट'

३१ वर्षं मी टपाल खात्यात काढली, त्यातली ६ परत-पत्र कार्यालयात. आम्ही त्याला आरएलओच म्हणायचो. ज्याला पत्र लिहिलंय तो सापडत नाही, पाठवणाऱ्याचं नाव पाकिटावर नाही, असं टपाल तिथे यायचं. ते रीतसर फोडायचं आणि आत कुठे पत्ता मिळतो का ते बघायचं, हे काम. त्यामुळे भाच्याने 'ऑपरेशन मिन्समीट' लावून दिला तेव्हा माझे डोळे कॉलिन फर्थपेक्षा त्या पाकिटावर खिळलेले होते.

जॉन मॅडन यांचा हा सिनेमा २०२२ चा, दोन तासांहून थोडा मोठा. घटना खरी आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, दोस्त राष्ट्रांना उत्तर आफ्रिकेतून इटलीच्या सिसिली बेटावर उतरायचं होतं, आणि नकाशा बघणाऱ्या कोणालाही ते कळत होतं. जर्मनांचं लक्ष ग्रीसकडे वळवायचं होतं. नौदलाच्या गुप्तहेर खात्यातले यूएन माँटेग्यू आणि हवाई दलाचे चार्ल्स चमली यांनी एक मृतदेह मिळवला. त्याला मेजर विल्यम मार्टिन केलं, खोटी लष्करी पत्रं भरलेली ब्रीफकेस त्याला साखळीने बांधली आणि 'सेराफ' पाणबुडीतून नेऊन ३० एप्रिलच्या पहाटे स्पेनच्या वेल्वा किनाऱ्यापाशी समुद्रात सोडलं. स्पेन तटस्थ, पण वेल्वात जर्मनांचा माणूस बसलेला. कागद त्यांच्यापर्यंत पोचणार हा हिशेब होता.

सिनेमाचा पहिला तास मला फार आवडला. नसलेला माणूस कागदांतून उभा करायचा. खिशात काय असावं? ओव्हरड्राफ्टबद्दल बँकेचं खरमरीत पत्र, साखरपुड्याच्या अंगठीचं बिल, नाटकाच्या तिकिटांचे अर्धे तुकडे, किल्ल्या, पोस्टाच्या तिकिटांचं छोटं पुस्तक, वाग्दत्त वधू 'पॅम' हिचा फोटो आणि तिची दोन पत्रं. हा फोटो ब्रिटिश गुप्तहेर यंत्रणेतल्याच जीन लेस्ली या तरुणीचा. पॅमची पत्रं लिहिणाऱ्या हेस्टर झालेल्या पेनेलोपी विल्टन बघा. ऑफिसात सगळ्यांचं सगळं माहीत असलेली आणि कधी काही न बोलणारी ज्येष्ठ बाई प्रत्येक कचेरीत असते, ती त्यांनी नेमकी पकडली आहे. आरएलओत फोडलेल्या पाकिटातून मीही अशीच माणसं ओळखायला शिकले. रेशनची पावती, लहान मुलाच्या पायाचं कागदावर काढलेलं माप, वाळलेली अबोली. पत्रात काय लिहिलंय त्यापेक्षा सोबत काय ठेवलंय त्यावरून माणूस लवकर कळतो. माँटेग्यू-चमलींनाही हे कळलेलं होतं.

माझी तक्रार आहे ती पाकिटाबद्दल. या कामगिरीचा सगळा भार एका पत्रावर होता. ते जनरल आर्चिबाल्ड नाय यांनी जनरल अलेक्झांडर यांना लिहिलेलं, दोन ओळखीच्या सेनाधिकाऱ्यांत चालावं तसं मोकळं. ग्रीसचा उल्लेख त्यात सहज आल्यासारखा. दुसरं पत्र माउंटबॅटन यांच्या सहीचं, त्यात सार्डिन माशांची थट्टा, म्हणजे वाचणाऱ्याने सार्डिनिया हे बेटही मनात धरावं. (सही करणारे हे दोघेही पुढे भारतात आले. माउंटबॅटन सगळ्यांना ठाऊक आहेत. नाय मद्रासचे गव्हर्नर झाले आणि नंतर ब्रिटनचे दिल्लीतले उच्चायुक्त.) समुद्राच्या पाण्यात कोणती शाई जास्त टिकते, याचीसुद्धा आधी चाचणी घेतली होती.

आणि ते पत्र काढलं कसं! आमच्याकडे विमा पत्राला लाखेच्या मोहरा लागायच्या, मोहरेवर पाठवणाऱ्याची स्वतःची खूण, पाकिटावर वजन लिहिलेलं. हातात घेतलं की पहिली नजर मोहरेवर. स्पेनमध्ये तिथल्या अधिकाऱ्यांनी मोहरेला हातच लावला नाही. झडपेच्या कडेला जी फट राहते, तिच्यातून बारीक सळई आत घातली, ओला कागद तिच्याभोवती घट्ट गुंडाळला आणि सुरळी करून बाहेर ओढला. वाळवून जर्मनांसाठी फोटो काढले, मग कागद २४ तास मिठाच्या पाण्यात भिजवून त्याच वाटेने परत आत. लंडनला पाकीट परत आलं तेव्हा मोहर शाबूत होती. पण आत मुद्दाम ठेवलेला पापणीचा केस नव्हता, आणि वाळल्यावर कागद आपोआप वळायला लागला. म्हणजे पत्र वाचलं गेलं होतं. मोहर नीट दिसतेय म्हणून मी सही करून पुढे पाठवलेली किती पाकिटं त्या रात्री डोळ्यांसमोर आली. या कारागिरीला सिनेमाने भरपूर वेळ द्यायला हवा होता.

तो वेळ गेला प्रेमाच्या त्रिकोणात. माँटेग्यू आणि जीन खरोखरच बिल (म्हणजे मेजर विल्यम मार्टिन) आणि पॅमचं नाटक वठवत असत, तेवढं पुरेसं होतं. चमलींना मध्ये घालून केलेली ओढाताण पटकथेने रचलेली आहे. मॅथ्यू मॅकफॅडियन गुणी नट आहेत. त्यांच्या वाट्याला चमलींची हुशारी कमी आणि मत्सर जास्त आला, याचं वाईट वाटतं. माँटेग्यूंचे कम्युनिस्ट भाऊ आयव्हर यांचा धागाही अर्धवट सुटतो. जागतिक टेबल टेनिस महासंघ स्थापन करणारे हेच आयव्हर. १९५२ ची जागतिक स्पर्धा मुंबईत झाली तेव्हा महासंघाचे अध्यक्ष तेच होते.

शेवटी तो मृतदेह. तो होता ग्लिंडूर मायकेल, वेल्समधल्या खाणकामगाराचा मुलगा. घर नाही, काम नाही. जानेवारी १९४३ मध्ये लंडनमध्ये उंदराचं विष पोटात जाऊन ३४ व्या वर्षी गेला. त्याला कोणी विचारलं नव्हतं. सिनेमात त्याची बहीण येऊन जाब विचारते, तेव्हा माँटेग्यू झालेल्या फर्थ यांच्या तोंडावर काय उमटतं ते बघण्यासारखं आहे. कितीतरी सैनिकांचे जीव वाचवायचे आहेत, हे त्यांचं म्हणणं खरं आहे, आणि ती बाई विचारतेय तेही खरं आहे. सिनेमा दोघांपैकी कोणालाही खोटं पाडत नाही. फक्त या एका प्रसंगासाठीसुद्धा मी हा सिनेमा दुसऱ्यांदा पाहिला.

वेल्वाच्या दफनभूमीतल्या दगडावर मेजर मार्टिनचं खोटं नाव आहे, खोटी जन्मतारीख आहे. ग्लिंडूरचं खरं नाव खाली कोरलं गेलं ते १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात. पण वरच्या खोट्या मजकुरात मेजरच्या खोट्या वडिलांचं नाव दिलंय, ते आहे जॉन ग्लिंडूर मार्टिन. ते नाव तिथे कोणी आणि का घातलं, हे मी भाच्याला विचारलं. तो म्हणाला, "मावशी, पत्ता आतच होता की."