पुगाच्या गरम झऱ्यांचं ‘स्पेशल परमिट’ कुणी विकत असेल तर

लडाखला जाणाऱ्यांनी हे वाचून ठेवा. पुगा खोऱ्यातल्या गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी ‘जिओथर्मल झोन परमिट’ म्हणून एक कागद आमच्या गळ्यात मारला, माणशी १,८०० रुपये घेऊन. असा परवाना मुळात नसतोच.

एजंट पुण्यातला, ओळखीतून आलेला. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवले: उजाड डोंगर, मधोमध निळंशार गोल कुंड, आत गळ्यापर्यंत बुडून बसलेलं जोडपं. ‘काका, आत्ताच बुक करा, दिवसाला वीसच माणसं सोडतात.’ सोबत पीडीएफ. वर अशोकस्तंभ, खाली गोल शिक्का, पावती क्रमांक मात्र कुठेच नाही.

लेहहून निघाल्यावर उपशीला चहाला थांबलो तेव्हा ड्रायव्हरने तो कागद उलटसुलट करून पाहिला. ‘सर, ये किसने दिया? पुगा का टिकट कब से लगने लगा?’ भारतीयांसाठी इनर लाइन परमिटची, म्हणजे सीमेजवळच्या भागात जाण्याच्या परवान्याची अट २०२१ मध्येच उठली आहे. पर्यावरण शुल्क असतं, ते सरकारी संकेतस्थळावर आपलं आपण भरता येतं. माहे पुलाच्या चौकीवर आमच्या रंगीत कागदाकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

आणि कुंड? पुगा जवळपास ४,४०० मीटरवर आहे. एवढ्या उंचीवर पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळतं, आणि तिथले काही झरे जवळजवळ तेवढे तापलेले असतात. गंधकाचा वास, बोरॅक्सचे पांढरे पापुद्रे, खाली भुसभुशीत चिखल. बघायला अफाट, मी कितीतरी वेळ नुसत्या वाफा बघत उभा होतो. पण कोकणातल्या उन्हवरे-तुरळसारखी उतरून अंघोळ करायची ती जागा नव्हे. ‘मुलांना पाण्यात खेळू द्या’ असं हा एजंट सांगत होता. पैशांपेक्षा त्याचा राग जास्त आहे. (फोटो नंतर गूगलवर शोधला, तर अमेरिकेतल्या नेवाडाच्या वाळवंटातला निघाला.) डुंबायचंच असेल तर वाटेत सिंधूकाठी चुमाथांग आहे, नाहीतर नुब्रातलं पनामिक, दोन्हीकडे न्हाणीघरं आहेत.

परत आल्यावर पैसे मागितले. म्हणाला, ‘सरकारी फी रिफंड होत नाही.’ चलन दाखव म्हटलं, तर नंबर ब्लॉक. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. व्यवहार क्रमांक, चॅट आणि पीडीएफ जपून ठेवल्याचा तिथे उपयोग झाला. पैसे अजून आलेले नाहीत. तोच फोटो मात्र आता ‘अर्ली बर्ड ऑफर’ म्हणून आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरतोय, आणि दर २,२०० झालाय.