बॉलस्क्रूचा ब्लॉक ढिला झालाय: नवा घ्यावा की आहे तोच उघडावा?

चवथीच्या आधीचे दोन महिने माझ्या सीएनसी राउटरवर (कॉम्प्युटरने चालणाऱ्या, लाकूड कापायच्या मशीनवर) मखरांचंच काम असतं. गेल्या वर्षी फणसाच्या फळीत सागवानाची गोल चकती जडवायची होती. भोक आणि चकती एकाच फाइलमधून कापली, तरी चकती बसेना. एका बाजूने घट्ट आणि दुसऱ्या बाजूला नख शिरेल एवढी फट. भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं तेव्हा चार ठिकाणी बारीक पायरी लागली. एक्स किंवा वाय अक्ष उलटा फिरतो नेमकं तिथेच.

अक्ष सरकवणारा बॉलस्क्रू त्याच्या टोकाच्या बेअरिंग ब्लॉकमध्ये ढिला असला की अशी पायरी दिसते, आणि समोर दोन वाटा असतात. बीके-१२ मापाचा तयार नवा ब्लॉक मागवायचा, किंवा आहे तोच ब्लॉक उघडून त्यात अँग्युलर कॉन्टॅक्ट बेअरिंगं (स्क्रूच्या लांबीच्या दिशेचा दाब पेलणारी) घालायची. मी दोन्ही करून पाहिलंय. एक्सला नवा ब्लॉक घातला, वायचा जुनाच उघडला. स्क्रू दोन्हीकडे १६०५, म्हणजे १६ मि.मी. व्यास आणि एका फेऱ्याला ५ मि.मी. सरक.

तिसरी वाट सॉफ्टवेअरची. मशीन चालवणाऱ्या मॅक-३ आणि लिनक्ससीएनसीमध्ये बॅकलॅश (दिशा बदलताना वाया जाणारी हालचाल) भरून काढायची सोय आहे, जीआरबीएलमध्ये नाही. पण स्क्रूच मागेपुढे सरकत असेल तर क्लाइम्ब कटमध्ये (कटर स्वतःलाच पुढे खेचतो अशा कटमध्ये) कटर त्याला ओढून नेतो, आणि स्क्रू त्या क्षणी कुठल्या बाजूला टेकलाय हे सॉफ्टवेअरला कळायचा मार्ग नसतो. ढिल्या ब्लॉकवर हा इलाज मला तरी लागू पडला नाही.

पैसे खर्च करण्याआधी प्ले (ढिलेपणा) नेमका कुठे आहे ते बघा. स्क्रूच्या टोकाला सेंटरचं भोक असतं. त्यात ग्रीस लावून एक छर्रा चिकटवा आणि त्यावर डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळ) टेकवा. मोटरला करंट असू द्या आणि गॅन्ट्री (कटर वाहून नेणारी चौकट) हाताने ढकला, ओढा. काटा हलला तर आता डायल ब्लॉकच्या अंगावर लावा. तिथेही तेवढाच हलला तर बेअरिंगाला दोष देऊ नका, बोल्ट किंवा खालची प्लेट ढिली आहे. ब्लॉक स्थिर आणि स्क्रू हलतोय, तर बेअरिंग. दोन्ही स्थिर आणि गॅन्ट्रीच हलतेय, तर बॉलनट (स्क्रूवर सरकणारा, आत छर्रे असलेला नट), आणि मग पुढचं सगळं तुमच्या उपयोगाचं नाही. नटात किंचित मोठे छर्रे भरणं हा वेगळाच विषय आहे.

बेअरिंगच निघालं असं धरू.

नव्या ब्लॉकच्या बाजूने बोलायचं तर वेळ वाचतो. सेंटरची उंची २५ मि.मी. ठरलेली, बोल्टची भोकं तीच, संध्याकाळी मशीन चालू. जुन्या ब्लॉकचं आतलं भोकच झिजलं असेल आणि बेअरिंगची बाहेरची रिंग त्यात फिरत असेल, तर नव्याला पर्याय नाही. स्वस्त ब्लॉकात बहुधा येणाऱ्या ६००१ बेअरिंगला रबरी सील असतं, त्यामुळे एमडीएफची भुकटी आत जात नाही. हे मी हलकं धरत नाही, कारण आपल्याकडच्या पावसाळी हवेत ती भुकटी ओल धरते आणि ग्रीसचा चिखल होतो.

पण माझ्या नव्या ब्लॉकने मला आठ दिवस छळलं, आणि माझा निर्णय त्यातूनच झाला. बसवल्यावर दिशा बदलताना 'टक्' असा आवाज यायचा. मी चेकनट (स्क्रूवर बेअरिंग आवळणारा नट) आवळायचो, त्याला अडकवणारा ग्रब स्क्रू दाबायचो, दुसऱ्या दिवशी पुन्हा टक्. शेवटी उघडला. आत साधी डीप ग्रूव्ह ६००१. ६००१ आणि अँग्युलर कॉन्टॅक्ट ७००१ यांचं माप एकच, १२ × २८ × ८, म्हणून बाहेरून फरक कळत नाही. खरी गडबड मात्र झाकणाची होती. चार स्क्रूंचं ते झाकण बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगा आत दाबून धरण्यासाठी असतं. त्यामुळे स्क्रू आवळल्यावर झाकण आणि ब्लॉक यांच्यात केसाएवढी फट उरायलाच हवी. माझं झाकण ब्लॉकला सपाट टेकलेलं होतं. रिंगांवर दाबच नव्हता, बेअरिंगं आतल्या आत सरकत होती, आणि चेकनट कितीही आवळला तरी त्याचा तिथे काही संबंध नव्हता.

नवा ब्लॉकही उघडावाच लागणार असेल, तर मशीनवर आधीच रेषेत बसलेला जुना का काढून टाकायचा? ब्लॉक बदलला की स्क्रूची रेषा थोडी तरी हलते, गॅन्ट्री टोकाला जड होते, आणि तिला त्या टोकाला नेऊन बोल्ट ढिले करा, पुन्हा आवळा, यात रविवार जातो. वायच्या वेळी मी ब्लॉक काढण्याआधी त्याला दोन बाजूंनी टेकतील असे लोखंडी पट्टीचे तुकडे प्लेटवर बोल्ट करून ठेवले. काम झाल्यावर ब्लॉक त्याच जागी येऊन बसला.

७००१ ची जोडी मला फोंड्यात मिळाली नाही, बेळगावहून आणली. दुकानात जोडीत लावण्यासाठी ग्राइंड केलेलीच मागा. दोन सुटी बेअरिंगं स्वस्त पडतात, पण मग शिमचा (जाडी जुळवायच्या पातळ पत्र्याचा) हिशोब तुमच्या गळ्यात. बाहेरच्या रिंगेची एक कड जाड आणि एक पातळ असते. पातळ कडा एकमेकींसमोर ठेवल्या की झाकणाच्या दाबानेच प्रीलोड (बेअरिंगमधला ढिलेपणा घालवणारा दाब) येतो. चांगल्या कंपनीच्या ब्लॉकांत हीच मांडणी असते, आणि स्क्रू किंचित रेषेबाहेर असला तरी ती सांभाळून घेते. दोन्ही एकाच दिशेला तोंड करून बसवली तर एका बाजूचा प्ले तसाच राहतो. ही चूक सहज होते, म्हणून मी आधी पेनाने बाण काढले.

झाकणाखाली मी पितळी शिमच्या पत्र्याची रिंग कापून घातली, फक्त बाहेरच्या रिंगेवर टेकेल एवढीच. झाकणाचे स्क्रू आलटूनपालटून आवळत बॉलस्क्रूचं टोक हाताने फिरवत राहिलो. फिरणं किंचित जड पण कुठेही न अडखळणारं झालं की थांबायचं. अर्धा तास मशीन चालवून ब्लॉकला हात लावा. कोमट ठीक, हात ठेववत नसेल तर दाब जास्त झालाय, शिम पातळ करा. चेकनटच्या ग्रब स्क्रूखाली तांब्याच्या तारेचा छोटा तुकडा टाकला, म्हणजे आटे चिरडत नाहीत.

७००१ बहुधा उघडी येतात, हा तोटा मान्य. मी पावसाळ्यात दोनदा ब्लॉक पुसून ग्रीस बघतो. ज्याला एवढं जमणार नाही, किंवा ज्याचं काम फोम आणि अक्षरांपुरतं आहे, त्याने नवा ब्लॉक घेतला तरी मी चूक म्हणणार नाही. फक्त बसवण्याआधी झाकणाची फट फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) बघून घ्यावी. लाकडात जडावकाम करणाऱ्याला मात्र मी जुनाच ब्लॉक उघडायला सांगेन.

यंदा चकती मोगरीच्या दोन हलक्या ठोक्यांत बसली. भोकावर जी पुसटशी पायरी उरलीय ती एक्सची आहे. माटोळी (गणपतीवर टांगलेली फळाफुलांची आरास) उतरली की तो नवा ब्लॉकही उघडून त्यात ७००१ घालणार आहे. जोडी आणून ठेवलीय.