घरातील रोपांच्या दिव्यासाठी यांत्रिक टायमर : आठ महिन्यांचा अनुभव

उत्तरेकडे तोंड असलेल्या आमच्या सदनिकेत ऊन येतच नाही, म्हणून दोन फळ्यांवर एलईडी दिवे लावून मी तुळस, पालक आणि शेवंती वाढवते, आणि ते दिवे वेळेवर लावण्या-विझवण्याचे काम या दोन टायमरांकडे आहे. तबकडीभोवती 96 बारीक खुंट्या आहेत. प्रत्येक खुंटी म्हणजे 15 मिनिटे, आणि जितक्या खुंट्या दाबाव्यात तितका वेळ दिवा चालू राहतो. तुळशीला 14 तास प्रकाश मानवतो. पालकाला मात्र तेवढा दिला की तो पाने सोडून तुऱ्यावर जातो, म्हणून त्याला शेवंतीसोबत 11 तासांच्या फळीवर ठेवले आहे.

शेवंतीचे प्रकरण फार नाजूक आहे. कळ्या धरण्यासाठी तिला लांब आणि अखंड रात्र लागते, आणि नेमके येथेच हे उपकरण कमी पडते, कारण वीज गेली की तबकडी थांबते आणि वीज आल्यावर जिथे थांबली होती तिथूनच पुढे फिरू लागते. ऑक्टोबरमधील परतीच्या पावसात पाच तास वीज नव्हती. ते माझ्या ध्यानात आले नाही आणि सायंकाळी सहाला विझणारा दिवा पुढचे आठ दिवस रात्री अकरापर्यंत जळत राहिला. शेंड्यांवर कळ्यांऐवजी नुसती कोवळी पाने आलेली पाहून फार हळहळ वाटली.

तुळशीसाठी हा टायमर मी निःशंकपणे सुचवेन. शेवंतीसाठी मात्र आत बॅटरी असलेला, वीज गेली तरी वेळ न विसरणारा डिजिटल टायमरच घ्यावा.