डिलीट केलेल्या व्हॉइस नोट्स

नववीच्या बावीस मुलांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढून आता आठ महिने झाले. नियम एकच : रोज एका मिनिटाची व्हॉइस नोट, इंग्रजीतून. टाइप केलेलं चालणार नाही.

पहिले तीन आठवडे पार फुकट गेले. मुलं वहीत निबंध लिहायची आणि माइकसमोर वाचायची. लगेच कळतं हो, मध्येच पान उलटल्याचा आवाज येतो! मग ‘माय फेव्हरेट सीझन’ बंद केलं. ‘आत्ता खिडकीतून काय दिसतंय?’, ‘काल कुणाशी भांडलास आणि चूक कुणाची?’ असं विचारायला लागलो. भांडणं एका मिनिटात मावेनात.

वर्गात तोंडातून शब्द न काढणारी एक मुलगी रोज रात्री न चुकता नोट पाठवायची. कौतुक केलं तर म्हणाली, “सर, तुम्हाला येते ती सातवी असते. आधीच्या सहा मी डिलीट करते.” मी गारच झालो. एवढा सराव कुठला गृहपाठ देऊन करून घेतला असता? पाठवण्याआधी आपली नोट ऐकून बघायची सोय २०२१ मध्ये आली. माझ्या लेखी सगळ्या ॲपमध्ये कामाचं बटण तेच. ‘ही गो’ बोलताना खटकत नाही, स्वतःच्याच आवाजात ऐकलं की खटकतं.

माझी एक घोडचूक सांगतो. सुरुवातीला प्रत्येकाच्या चुका ग्रुपवरच काढायचो. दोन मुलं गप्प झाली ती महिनाभर. आता उत्तर खासगीत, तेही एकाच चुकीबद्दल. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ मात्र आवाजावर सुधारत नाहीत. एकाला मी दोन नोट्स पाठवल्या, एकीत बनियनवाला ‘वेस्ट’, दुसरीत पश्चिमेचा. त्याचं उत्तर आलं, “सर, सेम नोट दोनदा आली.” शेवटी वरचे दात खालच्या ओठाला टेकवून आणि मग ओठांचा चंबू करून व्हिडिओ काढला. घरच्यांना तो अजून पुरतोय.

वेळेचं म्हणाल, तर दीडपट वेगाने सगळं पंधरा मिनिटांत ऐकून होतं. पण त्या वेगात उच्चार निसटतात, म्हणून रोज चार-पाच जणांचं साध्या वेगाने ऐकतो.

संवाद मात्र यातून आला नाही. नोटमध्ये मध्येच तोडणारं कुणी नसतं. वर्गात ‘व्हॉट हॅपन्ड देन?’ विचारलं की तीच मुलगी छताकडे बघायची. म्हणून गेल्या आठवड्यापासून जोड्या लावून पाच मिनिटांचे कॉल सुरू केलेत. तिच्या पहिल्या कॉलची दोन मिनिटं ‘कॅन यू हिअर मी?’मध्ये गेली म्हणे. उरलेल्या तिनात तिने चारदा ‘वेट, वेट’ म्हणून तेच वाक्य पहिल्यापासून सुरू केलं.