‘युनिटी’ची तबकडी : आठ महिन्यांनंतर

हिपहॉपचा डीजे आफ्रिका बंबाटा आणि फंक गायक जेम्स ब्राउन यांनी मिळून केलेली ‘युनिटी’ ही १९८४ सालची बारा इंची तबकडी माझ्याकडे येऊन आठ महिने झाले. न्यू जर्सीत राहत असल्यामुळे जुन्या रेकॉर्डची दुकाने हाताशी आहेत. त्यांपैकी एका दुकानदाराने ‘जवळजवळ नवीच’ म्हणून दिलेली ही प्रत घरी लावली, तेव्हा ती कडेला किंचित वाकलेली असल्याचे लक्षात आले. सुई सुरुवातीला होडीसारखी वरखाली होते, पण उडत नाही, म्हणून परत केली नाही.

पहिले काही आठवडे ती मला फारशी रुचली नव्हती. शांतता, ऐक्य आणि प्रेम यांविषयीचे शब्द तेव्हा घोषणांसारखे वाटले आणि आजही तसेच वाटतात. शब्द सोडून तालाकडे कान लावल्यावर मात्र मत बदलत गेले. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधील सेजविक अव्हेन्यूवर कूल हर्क या डीजेने वाजवलेली पार्टी हिपहॉपचा आरंभ मानली जाते. ड्रमचा जो मोकळा तुकडा, म्हणजे ‘ब्रेक’, हर्क आणि त्याच्यानंतरचे डीजे एकाच तबकडीच्या दोन प्रतींवर आलटूनपालटून वाजवून लांबवत, तो कितीदा तरी ब्राउनच्याच तबकड्यांतला असे. ज्याच्या तालावर एक पिढी दशकभर नाचली, तो पन्नाशी गाठलेला माणूस येथे त्या पिढीच्या शेजारी उभा राहून गातो.

शिवाय ताल धरणारी मंडळी त्याची नाहीत. स्वतःच्या वाद्यवृंदात चुकलेल्या सुराला दंड करणाऱ्या ब्राउनच्या मागे येथे डग विंबिश, स्किप मॅकडॉनल्ड आणि कीथ लब्लांक आहेत, म्हणजे माझ्या घरापासून तासाभरावर असलेल्या एंगलवूडच्या, तेव्हा हिपहॉपच्या तबकड्या काढणाऱ्या शुगर हिल कंपनीचे नेहमीचे वादक. ब्राउन ज्याला ‘द वन’ म्हणत असे, तो पहिल्या मात्रेवरचा भर आपल्या समेच्या जवळचा आहे. फरक इतकाच की आपल्याकडे समेची वाट पाहण्यात मौज असते, तर ही सम दर चार मात्रांनी दारावर थाप मारते. विंबिशचा बास ती थाप इतकी अचूक देतो की ब्राउनच्या आरोळ्या गाणे न राहता आणखी एक तालवाद्य होतात. बंबाटाचा जड आवाज त्या मानाने मागेच राहतो.

बारा इंची एकेरी तबकडीवर खाचांना ऐसपैस जागा मिळते, त्यामुळे खोल स्वर दबत नाहीत. फोनवर ऐकताना नेमका हाच बास हरवतो. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना तो मान्य नसल्याने रात्री नऊनंतर मी ती लावत नाही. गाणे सहा भागांत मांडले आहे, ते मला जास्त वाटते. दुसरी बाजू क्वचितच लागते, आणि तिच्यावर खरखर कमी असण्याचे कारण बहुधा पूर्वीच्या मालकाचेही मत तेच असावे.

आता दुसरी प्रत शोधतो आहे, कारण एका प्रतीवर ब्रेक लांबवता येत नाही. ती मात्र दुकानातच फिरवून पाहीन आणि मगच पैसे देईन.