नामिबियात शिकारीला जाताय? .३०८, .३०-०६ की .३७५

नामिबियातल्या फार्मचं बुकिंग पक्कं झालं की तिकडून विचारणा येते: रायफल कोणती काढून ठेवू? नाशिकचा माणूस इथेच अडखळतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचा विषय संपला. परवान्याचं हत्यार घरात असलंच तर ते आजोबांची बारा बोअर, नाहीतर सरकारी कारखान्याची .३१५ (असे आकडे म्हणजे ढोबळमानाने गोळीचा व्यास, इंचात). ती .३१५ विमानातून न्यायचा खटाटोप करू नका. तिची जड, संथ गोळी जवळच्या पल्ल्याला ठीक, पण उघड्या माळावर ती लवकर खाली बसते, आणि तिची काडतुसं तिकडच्या दुकानात मिळायची आशा नको. फार्मवर भाड्याने चांगली बोल्ट रायफल (दर बारानंतर हाताने दांडा ओढून भरायची) मिळते. सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे पुढचं काडतूस आपोआप भरणारी, तर तिकडे नेताच येत नाही.

आधी जनावर ठरवा, रायफल आपोआप ठरत जाते. नामिबियाच्या कायद्याने हे काम सोपं केलंय. नळीच्या तोंडाशी गोळीत किमान किती ऊर्जा हवी, ते तिथे जनावराप्रमाणे ठरलेलं आहे: स्प्रिंगबॉकला १३५० ज्यूल, कुडू, ओरिक्स, इलँड या मोठ्या हरणांना २७०० आणि रानरेडा, हत्ती यांना ५४००. स्प्रिंगबॉक म्हणजे येवल्याजवळ ममदापूरला दिसणाऱ्या काळविटाच्या अंगलटीचा. कुडूचा नर अडीचशे किलोपर्यंत जातो, इलँडचा नर सातशेच्याही पुढे. 'हरणासाठी कोणती रायफल?' या प्रश्नाला म्हणूनच काही अर्थ नाही.

.२४३ इथेच बाद होते. धक्का कमी म्हणून नवख्यांना ती आवडते, पण तिचं नेहमीचं १०० ग्रेनचं (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) काडतूस २६५० ज्यूलच्या आसपास अडतं. स्प्रिंगबॉकला उत्तम, कुडूला थोडक्यासाठी बेकायदा. ६.५ क्रीडमूर आणि .२७० नियमात बसतात, दोन्हींचा नेम सुरेख लागतो. यादीत इलँड नसेल तर खुशाल घ्या.

खरी चुरस .३०८ आणि .३०-०६ मध्ये. दोन्हींच्या गोळीचा व्यास एकच. .३०-०६ चं कवच ६३ मिलिमीटर लांब, .३०८ चं ५१, त्यामुळे पहिलीत दारू जास्त मावते. १८० ग्रेनची गोळी घेतली (वजनाला बरोबर एक तोळा, सराफाचा जुना तोळा) तर .३०-०६ ती सेकंदाला ८२० मीटरच्या आसपास फेकते, .३०८ साधारण ८०० ने. कुडूला हा फरक कळणारही नाही. दोनशे मीटरला झिरो केली (म्हणजे त्या अंतरावर गोळी नेमाच्या जागीच लागेल अशी जुळवली) तर तीनशेला दोन्ही वीतभर किंवा थोड्या जास्त खाली लागतात. .३०८ चा बोल्ट आखूड, रायफल थोडी हलकी, धक्का जरा कमी. .३०-०६ चा फायदा गोळी जड होत जाते तसा दिसतो. २०० किंवा २२० ग्रेनची गोळी घेऊन इलँडच्या खांद्यावर नेम धरायचा असेल तर मी .३०-०६ घेईन. इलँड नसेल तर फार्मवर जी चांगली झिरो केलेली असेल ती.

.३०० विनचेस्टर मॅग्नमचा मोह बऱ्याच जणांना होतो. पल्ला वाढतो हे खरं, पण पहिल्याच फेरीत चारशे मीटरवर बार टाकायची परवानगी तुमचा शिकारी-मार्गदर्शक देणार नाही, आणि देऊ नयेच.

.३७५ एच अँड एच (हॉलंड अँड हॉलंड) हे १९१२ सालचं काडतूस, अजूनही आफ्रिकेचं हुकमी. ३०० ग्रेनची गोळी, साधारण ५७०० ज्यूल. रानरेड्यासाठी जायचं असेल तर चर्चाच नको, हीच. 'मग सगळ्यालाच .३७५ का नको?' तर धक्क्यामुळे. .३०८ च्या दुपटीच्या आसपास धक्का बसतो आणि दोन-चार बारांत शरीर तो लक्षात ठेवतं. मग चाप दाबण्याआधीच डोळा मिटतो, खांदा पुढे झेपावतो. ओळखायचं कसं? मार्गदर्शकाला तुमच्या नकळत मधेच एक रिकामं काडतूस भरायला सांगा. बार होत नाही, आणि नळीचं तोंड मात्र सगळ्यांदेखत खाली डुचकतं. असं झालं तर ती रायफल तुमची नव्हे, मग कॅटलॉग काहीही म्हणो.

बोअरवर वाद घालणारे गोळीच्या बनावटीकडे बघत नाहीत. स्वस्त मऊ गोळी जवळून खांद्याच्या हाडावर आदळली की तिथेच फुटते, फुप्फुसापर्यंत पोचत नाही, आणि जनावर जखमी होऊन काट्यात शिरतं. शिसं आवरणाला जोडून घेतलेली बाँडेड गोळी किंवा सबंध तांब्याची, एवढं मागून घ्या. नेमही आफ्रिकी जनावरावर जरा पुढे धरायचा: आडवं उभं असेल तर पुढच्या पायाच्या रेषेत, छातीच्या खालून एक तृतीयांश उंचीवर. हृदय तिथे असतं.

सराव नाशिकलाच होतो. तिकडे बार बहुतेक उभ्यानेच, तिकाटण्याच्या आधाराने टाकायचा असतो. टोमॅटोच्या मांडवाचे तीन बांबू घ्या, वरून सायकलच्या ट्यूबने बांधा आणि दहा मीटरच्या रेंजवर ४.५ मिलिमीटरच्या एअर रायफलने रोज त्यावरून नेम धरा. श्वास रोखणं आणि चाप हळू दाबणं कोणत्याही बोअरला सारखंच.

फार्मला उत्तर पाठवताना दोन गोष्टी सोबत लिहा: रायफलवर सायलेन्सर आहे का (तिकडे चालतो, धक्काही कमी होतो) आणि तुम्ही डावखुरे आहात का. भाड्याच्या रायफली बहुतेक उजव्या हाताच्याच असतात.