रेकॉर्डिंगसाठी घेतलेला गिटारचा ५ वॉटचा व्हॉल्व अ‍ॅम्प: काही महिन्यांच्या वापरानंतर

रेकॉर्डिंगसाठी अ‍ॅम्प घ्यायचा आहे आणि पैसे मोजकेच आहेत असं सांगितलं, की बहुतेकांचे सल्ले वॉटपासून सुरू होतात. निदान १५ तरी घे, ३० मिळाले तर उत्तम. मी अगदी दुसऱ्या टोकाचा घेतला. एक चॅनल, व्हॉल्यूमचं एकच बटण, ५ वॉट, आठ इंची स्पीकर. रिव्हर्ब नाही, टोनचं बटणही नाही. फेंडर चॅम्पचा १९५० च्या दशकातला आराखडा जवळजवळ जसाच्या तसा: गिटारचा बारीक सिग्नल वाढवायला सुरुवातीला (प्रीअ‍ॅम्पला) १२एएक्स७ हा एक व्हॉल्व, म्हणजे काचेची नळी, पुढे स्पीकरला ताकद देणारा एकच ६व्ही६ आणि रेक्टिफायर म्हणून, म्हणजे एसी विजेची डीसी करायला, ५वाय३. या आराखड्यावर आज छोटे कारागीर आणि किट विकणारे भरपूर अ‍ॅम्प बनवतात, माझाही त्यातलाच. त्यामुळे इथे लिहितेय ते एखाद्या कंपनीबद्दल नाही, या जातीच्या अ‍ॅम्पबद्दल आहे.

माझं काम म्हणजे गाण्यांसाठी गिटारचे ट्रॅक करणं, तेही राहत्या खोलीत आणि बहुतेक वेळा एकटीने. हा अ‍ॅम्प स्टेजवर कधी गेलेला नाही आणि जाणारही नाही. ज्यांना एकाच अ‍ॅम्पवर कार्यक्रमही करायचे आहेत त्यांचा हिशेब वेगळा असेल.

५ वॉट म्हणजे हळू आवाज, हा समज आधी डोक्यातून काढा. स्पीकरच्या माहितीपत्रकात एक आकडा असतो: १ वॉट दिल्यावर १ मीटर अंतरावर किती डेसिबल. सेलेस्टियन कंपनीच्या ग्रीनबॅक या स्पीकरला तो ९८ आहे, व्हिंटेज ३० ला १००. ग्रीनबॅकला ५ वॉट दिले की हिशेबाने १०५ डेसिबल होतात. बंद खोलीत तेवढा आवाज फार वेळ सोसवत नाही. वॉट दुप्पट केले की भर पडते फक्त ३ डेसिबलची, आणि ५ चे १५ केले तरी वाढ पाचाच्या आतच राहते. कानाला आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. तेव्हा १५ वॉटचा अ‍ॅम्प माझ्या अ‍ॅम्पच्या तिप्पट मोठा वाजत नाही, तो जास्त वरपर्यंत स्वच्छ राहतो एवढंच. आणि मला नेमकं तेच नको होतं.

व्हॉल्व अ‍ॅम्पचा खरा आवाज तो आपल्या मर्यादेपाशी पोचला की सुरू होतो. पॉवर व्हॉल्व, आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकरचा कागद हे तिघं एकदमच ताणात येतात. हळू छेडलं की स्वर नितळ येतो, जोरात छेडलं की कडेने किंचित फाटतो, आणि ही सगळी चढउतार पिकच्या (तार छेडायच्या पट्टीच्या) जोरावर चालते. मोठ्या अ‍ॅम्पला तिथवर न्यायचं तर अख्खी इमारत हादरेल. हा तिथे व्हॉल्यूम अर्ध्यावर नेला की पोचतो. पॉवर व्हॉल्व एकच असल्यामुळे सम हार्मोनिक (मूळ स्वराच्या दुप्पट, चौपट कंपनसंख्येचे स्वर) टिकून राहतात. दोन व्हॉल्वच्या पुश-पुल रचनेत पॉवर व्हॉल्वमध्ये तयार होणारे सम हार्मोनिक ट्रान्सफॉर्मरमध्ये एकमेकांना बऱ्यापैकी खोडून टाकतात. त्या टिकण्यामुळे एकेरी स्वराला जो भरीवपणा येतो, तो मला फार आवडतो. रेक्टिफायर व्हॉल्वमुळे आवाज दबून वर येतो असं या अ‍ॅम्पबद्दल नेहमी सांगितलं जातं. पण सिंगल-एंडेड क्लास ए रचनेत, म्हणजे एकच पॉवर व्हॉल्व सतत चालू असतो अशा रचनेत, अ‍ॅम्प ओढतो तो करंट जवळपास स्थिरच असतो, त्यामुळे तो परिणाम इथे फारसा नसतो. बोटांना जो मऊपणा जाणवतो तो मुख्यतः ६व्ही६ आणि स्पीकरचा.

छोटा अ‍ॅम्प म्हणजे शिकाऊ माणसाचा अ‍ॅम्प, असं अजूनही बोललं जातं. मायामीच्या क्रायटेरिया स्टुडिओत १९७० साली एरिक क्लॅप्टनने रेकॉर्डिंगला चॅम्प लावला होता. रेकॉर्ड ऐकताना समोरचं खोकं केवढं होतं हे कुणालाही कळत नाही. कारण रेकॉर्डवर खोकं येतच नाही, माइकला ऐकू आलं तेवढंच येतं. या काही महिन्यांत माझं मत याच एका गोष्टीवर पक्कं झालं आहे: रेकॉर्डिंगचा अ‍ॅम्प कानासाठी नाही, माइकसाठी घ्यायचा. खोलीत उभं राहून ऐकताना आपला कान पाच फुटांवर असतो, स्पीकर घोट्यापाशी, आणि भिंतींवरून आलेला आवाजही त्यात मिसळलेला असतो. माइक मात्र कापडापासून बोटभर अंतरावर. समोर उभं राहून भारदस्त वाटणारा अ‍ॅम्प तिथे गढूळ निघू शकतो. समोर किरटा वाटणारा हा आठ इंची स्पीकर तिथे मोकळा, स्पष्ट निघतो.

नेहमीचा माइक एकच, शुअर एसएम५७. १९६५ पासून बनतोय आणि गिटार अ‍ॅम्पसमोर तो दिसला नाही असा स्टुडिओ विरळा. बजेटमध्ये दुसऱ्या माइकचा विचार करण्यापेक्षा त्या पैशात धड उभा राहणारा स्टँड घ्या. हलणारा स्टँड असेल तर काल सापडलेली जागा आज सापडत नाही.

जागा शोधण्याचं काम मी असं करते. लूपर पेडलवर एक छोटी फ्रेज फिरत ठेवायची, कान पूर्ण झाकणारे हेडफोन घालायचे आणि मोबाइलचा टॉर्च जाळीच्या कापडावर धरायचा. उजेडात आतल्या कागदाची कड आणि मधली गोल टोपी दिसते. माइक टोपीच्या बरोबर मध्यावर आणला की पिकचा ओरखडा न ओरखडा ऐकू येतो, आवाज चिरका होतो. टोपी जिथे कागदाला चिकटते त्या कडेवर आणला की चिरकेपणा उतरतो, पण छेड शाबूत राहते. आणखी दोन बोटं बाहेर गेलं की स्वर गोल, जाड होतो, आणि त्याही पुढे बोदा. आठ इंची स्पीकरवर ही सगळी वाटचाल तळहाताच्या आत संपते, म्हणून अर्धा सेंटिमीटरसुद्धा स्पष्ट कळतो. अ‍ॅम्पवर टोनचं बटण नाही याची खंत मला त्यामुळेच वाटत नाही, माझं टोनचं बटण माइकच्या स्टँडवर आहे. जागा ठरली की कापडावर चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावून ठेवते. माइक अगदी जवळ असला की खर्ज फुगतो, आवाज गुदमरल्यासारखा वाटला तर तीन-चार बोटं मागे घेते.

दोन माइक लावूनही पाहिले. एक जवळ, दुसरा थोडा मागे. दोघांच्या अंतरात १७ सेंटिमीटरचा फरक असेल तर दुसऱ्याकडे आवाज अर्धा मिलिसेकंद उशिरा पोचतो, आणि दोन्ही सारख्या पातळीवर मिसळले की १००० हर्ट्झच्या आसपासचा भाग खोडला जातो. गिटारचा जीव तिथेच असतो. जागा मिळवून ते जमवता येतं, पण एकट्या माणसाला ते वेळखाऊ आहे. एका माइकवरच माझं भागतं.

मिक्समध्ये हा अ‍ॅम्प जे करतो त्यासाठी मी त्याला पूर्ण गुण देईन. गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली तर ८२ हर्ट्झला वाजते. तिथे आठ इंची स्पीकर फारसं काही देत नाही. एकट्या ट्रॅकमध्ये ही उणीव जाणवते. बास गिटार आणि ड्रमचा किक आला की तीच उणीव सोय होते, कारण ती जागा त्यांची असते. मोठ्या अ‍ॅम्पच्या ट्रॅकमधून जो खर्ज मी फिल्टर लावून काढत असे, तो इथे मुळातच नसतो. गेनही, म्हणजे आवाज किती फाटू द्यायचा तेही, वाटतं त्यापेक्षा कमी ठेवावं. तोच भाग दोनदा वेगवेगळा वाजवून डावीकडे-उजवीकडे ठेवला की कमी फाटलेला आवाजही भरदार होतो, आणि जास्त फाटलेले दोन ट्रॅक एकावर एक आले की नुसता गोंगाट उरतो.

आता त्रासाच्या गोष्टी. पहिली म्हणजे हम. पुश-पुल रचनेत वीजपुरवठ्याची गुणगुण ट्रान्सफॉर्मरमध्ये आपोआप बरीच कटते, सिंगल-एंडेड अ‍ॅम्पमध्ये ती सोय नाही. त्यात सिंगल कॉइल पिकअपची, म्हणजे तारांची कंपनं एकाच गुंडाळीने टिपणारी, गिटार असेल तर दोन्ही मिळून चांगलंच गुणगुणतं. वाजत असताना जाणवत नाही, पण ओळींमधल्या रिकाम्या जागा मी हाताने कापते. गिटार धरून खुर्चीवर हळूहळू वळलं की एका दिशेला हम अगदी खाली जाते, त्या दिशेला तोंड करून बसणं हा फुकटचा आणि खात्रीचा उपाय आहे.

दुसरी म्हणजे खोक्यातली खरखर. पाचव्या तारेवरचा मोकळा ए छेडला की मागून बारीक झणझण यायची. लूप चालू ठेवून एकेक भाग तळहाताने दाबत गेले. मागची फळी दाबली तरी चालूच, स्पीकरचे नट घट्टच होते. शेवटी नावाच्या धातूच्या पट्टीवर बोट ठेवलं आणि झणझण थांबली. पट्टीच्या मागे फेल्टचा तुकडा सारला. व्हॉल्व आणि स्पीकर एकाच खोक्यात असले की अशा गोष्टी होणारच. त्याच कारणाने प्रीअ‍ॅम्पचा व्हॉल्व मायक्रोफोनिक होऊ शकतो, म्हणजे हादरा लागला की स्वतःच वाजू लागतो. अ‍ॅम्प चालू असताना पेन्सिलीच्या मागच्या टोकाने त्यावर अलगद टिचकी मारायची, स्पीकरमधून टणक आवाज घुमत राहिला तर तो बदलायचा. माझा बदलावा लागला. १२एएक्स७ सहज मिळतो, आणि ६व्ही६ इथे कॅथोड-बायस असल्यामुळे, म्हणजे त्याचा करंट आपोआप ठरत असल्यामुळे, तोही बायस न जुळवता बदलता येतो.

अ‍ॅम्पवर अर्ध्याहून जास्त बजेट घालवू नका असं मी आग्रहाने सांगेन. उरलेल्यातून सगळ्यात मोठा फरक पडला तो बारा इंची स्पीकरच्या जुन्या कॅबिनेटने. माझ्या अ‍ॅम्पला मागे बाहेरचा स्पीकर जोडायचं ८ ओहमचं जॅक आहे. ते कॅबिनेट लावलं की वाटतं अ‍ॅम्पच बदलला: मधला पट्टा रुंद होतो, खर्ज येतो, पॉवर कॉर्ड उभ्या राहतात. एकेरी सुरावट आठ इंचीवर आणि रिदम बारा इंचीवर अशी आता वाटणीच झाली आहे. उघड्या पाठीचं कॅबिनेट भिंतीपासून हातभर पुढे आणि खुर्चीवर ठेवावं, नाहीतर कोपरा आणि फरशी खर्ज फुगवतात.

हा अ‍ॅम्प कुणी घेऊ नये? ज्यांना कडक, स्वच्छ, ठसठशीत आवाज हवा आहे त्यांनी. हंबकरची (दोन गुंडाळ्यांच्या, जोरकस पिकअपची) गिटार लावली की व्हॉल्यूम तिसऱ्या हिश्श्यावर गेल्यागेल्या हा फाटायला लागतो. फंकसारख्या स्वच्छ रिदमला मी हा लावतच नाही, गिटार सरळ इंटरफेसमध्ये (कॉम्प्युटरला जोडणाऱ्या खोक्यात) घेते. आणि ज्यांना रात्रीच काम करता येतं त्यांनीही घेऊ नये. अ‍ॅटेन्युएटर लावून आवाज उतरवता येतो, पण स्पीकर हलायचा थांबतो तसा या अ‍ॅम्पचा अर्धा स्वभाव जातो. शिवाय आवाज कमी झाला की कानाला खर्ज आणि टिपेचा भाग कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं आहे. म्हणून दोन अ‍ॅम्प किंवा दोन सेटिंग यांची तुलना करताना दोन्हींची पातळी आधी सारखी करा. नाहीतर जो मोठा वाजतो तोच चांगला वाटतो.

रात्रीच्या कामाला बॉस कटाना ५० सारखा अ‍ॅम्प जास्त उपयोगाचा: अर्ध्या वॉटवर उतरतो आणि यूएसबीवरून थेट रेकॉर्ड करतो. त्याहून कमी खर्चात न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर हे अ‍ॅम्पची नक्कल करणारं मोफत सॉफ्टवेअर आणि चांगला इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे स्पीकर आणि माइकच्या आवाजाचा ठसा घेतलेली फाइल. ऐकणाऱ्याला बहुतेक वेळा फरक कळणार नाही, हे मी मनापासून मानते. मग मी व्हॉल्वचाच का वापरते? कारण मी वाजवते वेगळी. समोरची हवा हलते, धरून ठेवलेला स्वर खोलीत फिरून तारांवर परत येतो आणि लांबत जातो, आणि त्याला उत्तर देत वाजवताना जी ओळ सुचते ती हेडफोनमध्ये मला सुचत नाही.

जुना घेणार असाल तर आपली गिटार आणि माइक घेऊन जा, तिथेच रेकॉर्ड करा आणि घरी आपल्याच एखाद्या गाण्यात तो ट्रॅक टाकून ऐका, मगच पैसे द्या. किमान अर्धा तास चालू ठेवून बघा, तापल्यावर हम वाढते का ते कळतं. व्हॉल्यूम शून्यावर असतानाही मोठी गुणगुण असेल तर फिल्टर कपॅसिटर (वीजपुरवठा सपाट करणारे भाग) बदलण्याचा खर्च धरा. ते काम जाणकाराकडूनच करून घ्या. आत ३०० व्होल्टच्या वर वीज असते आणि प्लग काढल्यावरही ती कपॅसिटरमध्ये साठून राहू शकते. आणि स्पीकर किंवा लोड बॉक्स (स्पीकरऐवजी ताकद झेलणारं खोकं) जोडल्याशिवाय व्हॉल्व अ‍ॅम्प कधीही चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, आणि या अ‍ॅम्पमधले महागडे भाग मोजायला बसलात तर त्याचा नंबर पहिल्या दोनांत लागतो.